गुलामाने विकत घेतलेला मळा

महोदय,

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस बाजारात आलेल्या तेजीवरचा लेख वाचला. ज्यांच्या घामावर तिकडचा कापूस पिकला, त्यांचा त्यात उल्लेखही नाही, याची खंत वाटली. मिसिसिपी राज्यातील डेव्हिस बेंड या ठिकाणाचेच पाहा. तिथल्या ‘हरिकेन’ मळ्याचा मालक जोसेफ डेव्हिस. या युद्धात फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस हा त्याचा धाकटा भाऊ. जोसेफकडे ३०० हून अधिक गुलाम होते. त्यांना तो बरे वागवी, असे कौतुक होते. पण माणसे मालकीची होती ती होतीच!

त्यांतलाच बेंजामिन माँटगोमेरी मळ्यावर दुकान चालवी, हिशेब ठेवी. उथळ पाण्यातल्या आगबोटीसाठी त्याने बोट पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) तयार केला, तर गुलाम नागरिक नाही म्हणून पेटंट नाकारले. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये त्यानेच डेव्हिस बंधूंचे मळे ३ लाख डॉलरला उधारीवर घेतले. पुढे पूर आले, कापसाचे भाव पडले, कर्ज फिटेना. १८७७ मध्ये तो वारला आणि काही वर्षांतच जमीन पुन्हा डेव्हिस कुटुंबाकडे गेली. त्याचा मुलगा इसाया मात्र खचला नाही. १८८७ मध्ये त्याने नातलगांसह माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गाव वसवले.

– एक वाचक, अकोला