बदलीच्या वेळी सामान हलवण्यापूर्वीची तयारी : सदस्य कुटुंबांसाठी सूचना

सर्व सदस्य कुटुंबांस कळविण्यात येते की, बदलीचा आदेश हाती येताच घर आवरण्यास सुरुवात करावी. आदेशाच्या प्रती, ओळखपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, नेहमीची औषधे व दागिने एका पिशवीत घालून ती स्वतःजवळच ठेवावी. ही कागदपत्रे चुकून खोक्यात गेल्यास नव्या ठिकाणी शाळाप्रवेशापासून निवासस्थान मिळेपर्यंत सारेच अडून राहते.

सर्वाधिक काळजी सामानाच्या यादीची घ्यावी, कारण नुकसानभरपाईचा दावा प्रामुख्याने तिच्याच आधारे तपासला जातो. मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे व अनुक्रमांक आधीच नोंदवावेत, आणि सामान बांधणाऱ्यांनी यादीत धडधाकट कपाटाच्या नोंदीपुढे ‘ओरखडे आहेत’ असे लिहिले असेल, तर सही करण्यापूर्वी आपली हरकत त्याच कागदावर लेखी नोंदवावी. घाई कितीही असली तरी न वाचता सही करू नये.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून आतून कोरडा करावा. गॅस सिलिंडर, रॉकेल, रंग यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू सामानात देऊ नयेत.

जोडीदार कर्तव्यावर दूर असल्यास घरातील ज्या व्यक्तीने सह्या करायच्या आहेत, तिच्या नावे अधिकारपत्र वेळेत करून घ्यावे. अशा कुटुंबांना त्या दिवशी लहान मुले सांभाळण्यासाठी किंवा यादी पडताळण्यासाठी सोबत हवी असल्यास त्यांनी निःसंकोचपणे गटात कळवावे, व शेजारच्या सदस्यांनी आपण होऊन विचारपूस करावी, ही आग्रहाची विनंती आहे.