रात्रपाळीत शिकवायला आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

पुण्याजवळच्या आमच्या वृद्ध शुश्रूषा केंद्रातल्या सगळ्या सिस्टर आणि मावशींच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण निवृत्तीनंतर तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते इतर केंद्रांतल्या नर्सनाही कळावं, असं मनापासून वाटतं.

अंथरुणाला खिळलेल्यांना बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत यासाठी प्रशिक्षणं आमच्याकडे आधीही झाली. हॉलमध्ये प्रोजेक्टर, दुपारचं जेवण, शेवटी सर्टिफिकेट. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "रात्री पोझिशन कोण देतं?" म्हणजे कूस कोण बदलतं. मावशी देतात म्हटल्यावर म्हणालात, "मग मी रात्री येते."

त्या रात्री तुम्ही स्वतः रिकाम्या कॉटवर आडव्या झालात. मावशींना सांगितलंत, मला पूर्ण कुशीवर वळवा आणि खुब्याच्या हाडाखाली हात घाला. हात पार दबला. मग पाठीला उशीचा टेकू देऊन ३० अंशांतच कलतं करायला लावलंत आणि पुन्हा हात घालायला सांगितलंत. हात सहज आत गेला. नव्वद अंश नको, तीस अंश का, हे त्यानंतर कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

बेडसोरचा धोका मोजायचं ब्रेडन स्केल आम्ही जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, पाठ केलं होतं. १९८७ सालचं, सहा मुद्दे, ६ ते २३ गुण, गुण कमी तितका धोका जास्त. आमच्याकडे ते भरतीच्या दिवशी एकदा भरून फाईलला लागायचं. ते भरताना तुम्ही मावशींना शेजारी बसवलंत. आहाराच्या रकान्यासाठी आम्ही चार्ट बघत होतो, चार्टवर 'डाएट दिला' असं होतं. मावशी म्हणाल्या, "आजी चार दिवस अर्धी पोळीसुद्धा संपवत नाहीत." गुण तिथेच खाली आला आणि आजींचा आहारही दुसऱ्या दिवशी बदलला. आता ताप आला, कुणी हॉस्पिटलमधून परत आलं, की गुण नव्याने मोजतो.

सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते त्या दोन तासांच्या वादाबद्दल. दर दोन तासांनी पोझिशन, हे आमचं ब्रह्मवाक्य. तुम्ही २०१३ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधला अभ्यास काढलात. ब्रेडन स्केल तयार करणाऱ्या दोघींपैकी नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांचाच तो. दोन, तीन किंवा चार तासांनी वळवलं तरी बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आम्ही खूश झालो, चला, रात्रीच्या फेऱ्या कमी! तेव्हा तुम्ही जवळच्या गादीची खोळ काढलीत. आत काथ्या, मधोमध खळगा. "त्यांच्याकडे दाट फोमच्या गाद्या होत्या. अभ्यास कुठल्या गादीवर झाला, हे वाचल्याशिवाय वेळ बदलायची नाही." संशोधन वाचायचं म्हणजे काय, ते मला त्या खोळीपाशी कळलं. काथ्याच्या गाद्यांवर आम्ही दोनच तास ठेवले. फोमच्या गाद्या आल्यावर, ज्यांची त्वचा ठीक आहे त्यांच्यासाठी रात्री तीन तासांवर गेलो आणि प्रत्येक वेळी त्वचा बघून नोंद करायची हे पक्कं केलं. आजी-आजोबांची झोप सलग होऊ लागली. त्या फोमच्या गाद्यांसाठी तुम्ही व्यवस्थापनाशी किती वेळा बोललात, तेही आम्हाला माहीत आहे.

टाचेखालचे पाणी भरलेले हातमोजे गेले, बसायची हवेची रिंग गेली, लाल जागेवर मसाज बंद झाला. आता पोटरीखाली उशी असते आणि टाच मोकळी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून जागा गरम लागते का, कडक लागते का, ते हाताने बघायचं, हे तुम्ही शिकवलंत. पुस्तकातल्या गोऱ्या पाठींच्या फोटोंवरून ते आम्हाला कधीच कळलं नसतं.

आणि मावशींना तुम्ही नावाने हाक मारलीत, ड्युटी बदलताना रिपोर्टला उभं केलंत. त्या आता स्वतःहून सांगतात, कुणाची कुठली जागा गरम लागली ते. हे उपकार आम्ही विसरणार नाही.

दिवाळीनंतर नव्या मावशींची तुकडी येते आहे. त्यांच्यासाठी तुमचं पोझिशनचं चित्रकार्ड आम्ही मोठ्या अक्षरांत केलंय, मागे टाचेचं चित्रही घातलंय. छपाईला देण्याआधी एकदा नजरेखालून घालाल का? कार्ड घेऊन आम्ही दोघी-तिघी घरीच येतो.

आपली,
रात्रपाळीची एक स्टाफ नर्स