जॅकेट मोजली, पण स्टेअरिंग कोणी पाहिलं?

संपादक महोदय,

कालच्या अंकात जलाशयावरच्या बोटींच्या तपासणीची बातमी आली आहे. मथळा ‘सर्व बोटी सुरक्षित’ आणि खाली लाईफ जॅकेट मोजणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोटो. बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. स्टेअरिंग, केबल, गिअर यांच्याबद्दल एक शब्द नाही. मग बोटी सुरक्षित ठरवल्या कशावरून?

जॅकेट हवंच, त्यावर वाद नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया गेल्या. नदीकाठच्या आम्हा लोकांच्या मनातून ते जात नाही. पण जॅकेट कामी येतं ते माणूस पाण्यात पडल्यावर. तो पडूच नये म्हणून आधी बोटीचं सुकाणू पाहावं लागतं.

दिवाळीत नातवंडांना घेऊन अशाच एका बोटीत बसलो होतो. जागेचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालक पोरगा चाक फिरवायचा आणि पाव फेरा होईपर्यंत बोट सरळच जायची. बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्यातून वर आलेले, आणि हा त्यांच्या अगदी जवळ गेल्यावर वळायचा. काठाला लागल्यावर मी मागे जाऊन पाहिलं. अशा बोटीत चाक फिरवलं की केबल मागचं इंजिनच वळवते आणि त्याने बोट वळते. त्या केबलचा दांडा इंजिनाला जोडतात तिथे लॉकनट, म्हणजे सांधा सुटू न देणारा नट, नव्हताच. त्या जागी बाइंडिंग तारेचे वेढे, सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात तीच तार! दांड्यावर गंज, ग्रीस वाळून त्याच्या खपल्या झालेल्या. पोराला विचारलं तर म्हणाला, ‘‘काई होत नाई बाबाजी, पह्यलेपासून असंच हाय.’’ त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. मालक मात्र ‘‘पुढच्या सीझनला पाहू’’ म्हणाला, त्याचा संताप अजून गेलेला नाही.

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवण्यात माझी नोकरी झाली, म्हणून सांगतो. या तपासणीला फार वेळ लागत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने मागे इंजिन लगेच आणि पूर्ण वळतं का ते पाहायचं. मग इंजिन हाताने हलवून सांध्यांत ढिलाई आहे का ते बघायचं. चाक जड लागलं किंवा मध्येच अडकलं तर बोट पाण्यात न्यायचीच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बोटी ४५ अंशांच्या उन्हात उघड्या पडून असतात. केबलचं वरचं प्लास्टिक तडकतं, पावसाचं पाणी आत शिरतं आणि आतली तार गंजते. अशी केबल दुरुस्त करायची नसते, बदलायचीच असते. स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, असेल तर तेलाची पातळी आणि गळती पाहावी. इंजिन फक्त न्यूट्रलमध्येच सुरू होतं ना आणि चालकाच्या अंगाला अडकवायची दोरी ओढली की बंद पडतं ना, हेही तिथेच कळतं. त्या बोटीत ती दोरी तुटलेली होती.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. नौदलाच्या बोटीचं असं होऊ शकतं, तर तारेने बांधलेल्या स्टेअरिंगचा भरवसा कोणी द्यायचा?

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनाच्या बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि चालकाला सक्षमता प्रमाणपत्र सांगितलं आहे. तिकीट खिडकीवर दरपत्रक ठळक लावलेलं असतं, हे कागद तिथे का लावत नाहीत? मी तक्रार घेऊन गेलो तर एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं आणि दुसऱ्याने ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायतीत कुलूप होतं.

आणि तुमच्याच फोटोत उजवीकडे उभं असलेलं लेकरू पाहा. मोठ्या माणसाचं जॅकेट त्याच्या गळ्यात घातलंय, पट्टे मोकळे लोंबताहेत. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहील आणि लेकरू खालून निसटेल. हा फोटो छापताना कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

तपासणी करणाऱ्यांना आपल्या वार्ताहराने एवढंच विचारावं, की कोणत्या बोटीचं स्टेअरिंग कोणी फिरवून पाहिलं. उत्तर मिळालं तर छापा, मिळालं नाही तर तेही छापा. आणि अशी तक्रार नेमकी कोणत्या कार्यालयात द्यायची तेही त्याच बातमीत येऊ द्या. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या आहेत.

— एक निवृत्त शिल्पनिदेशक, ता. पवनी, जि. भंडारा