दाखल्यावरचा पत्ता

वकील मॅडम,

फी विचारली तेव्हा तुम्ही म्हणालात, "विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेय, तुझ्याकडून काही घ्यायचं नसतं." म्हणून हे पत्र.

मी जेलमध्ये होते, सातव्या महिन्यात, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा भेटलात. केसचं विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही आधी विचारलं, "सोनोग्राफी झाली का? झोपतेस कशावर?" सोनोग्राफीच्या दोन तारखा गार्ड नाही म्हणून हुकल्या होत्या. झोपायला सतरंजी. तुम्ही तिथल्या तिथे अर्ज लिहिलात. त्या आठवड्यात दवाखाना झाला, दूधही सुरू झालं. असा अर्ज करता येतो हेच मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर कच्च्या कैदीणीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. जेलच्या वातावरणात बाळंतपण झालं तर आई आणि बाळ दोघांवर परिणाम होतो, असं कोर्ट म्हणालं. तो आदेश जोडून तुम्ही माझा अर्ज टाकलात. पण तारीख दोनदा पुढे गेली, आणि पोटातलं कुठे तारखेला थांबतं!

रात्री कळा सुरू झाल्या. चावी आणा, साहेबांना उठवा, गार्ड जमवा. तोवर बराकीतच मुलगी झाली. नाळ कापली ती जन्मठेपेच्या आजीने, गावाकडे सुईणीचं काम केलेली बाई. (तिचेही आभार मानायचेत, पण तिच्यापर्यंत हे कसं पोचणार?)

नंतरचं मात्र तुमच्याशिवाय झालंच नसतं. जन्माच्या फॉर्मवर जागेच्या रकान्यात जेलचं नाव पडलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरं होतं ते. तुम्ही मात्र संतापलात. सुप्रीम कोर्टाचा २००६चा निकाल काढून दाखवलात. बाळंतपण होता होईल तो बाहेर करायचं. आत झालंच तर दाखल्यावर जेल लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता. तीन चकरा मारून तुम्ही ते बदलून आणलंत.

दीड महिन्याने जामीन झाला. आत मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवता येतं. तिथली एक चार वर्षांची पोर संध्याकाळ झाली की स्वतःच म्हणायची, "चला, आत." माझी तेवढी मोठी आत झाली नाही. गुन्ह्याचं काय ते कोर्ट ठरवेल.

गेल्या आठवड्यात तिचं आधार काढायला गेले. एवढ्या लहानाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो. मशीनवरचा पोरगा दाखला बघून टाइप करत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने मान वर न करताच विचारलं, "नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, ताई?"

तुमची,
बराकीतली बाळंतीण