सुटकेची वाट बंद करू नका

महोदय,
पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे गाडीच्या अपघातापासून 'अल्पवयीनांनाही जन्मठेप द्या' असं सगळीकडे ऐकते. १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण अभियंते गेले आणि १७ वर्षांच्या आरोपी मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. तो संताप माझाही आहे. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. त्याच कायद्याचं कलम २१ नाकारतं ते फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप. या कलमाला हात लावू नये.

मी नऊ वर्षं गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या एका निरीक्षणगृहात शिवण शिकवली. खुनाच्या आरोपातला एक मुलगा होता, मिसरूडही न फुटलेला. शिक्षा त्याला हवीच होती. काज करताना सुई रुतली, की तो बोट तोंडात घालून 'आई गं' म्हणायचा.

– एक निवृत्त शिवणशिक्षिका, सातारा