श्रीजेश, त्या दांड्यावर जाऊन बसलात त्याबद्दल

प्रिय पी. आर. श्रीजेश,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही आणि आम्हाला मल्याळम. तरी पत्र मराठीतच लिहितोय. गोलमध्ये उभ्या राहिलेल्या पोराला "टाचांवर बसू नको", "आधी पडू नको" असं आम्ही ज्या भाषेत ओरडून सांगतो, त्याच भाषेत तुमचे आभार मानावेत असं वाटलं. अर्थ सांगणारं कुणीतरी भेटेलच.

8 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे गोलकीपर म्हणून स्पेनला 2-1 हरवून तुम्ही पायांवरचे पॅड उतरवले, ते कायमचे. तुमचा विषय निघाला की अजून घसा दाटतो. मनात साठलेलं आता लिहून टाकलेलं बरं.

टोकियोपासून सुरुवात करतो. 5 ऑगस्ट 2021, जर्मनीविरुद्ध आपण 5-4 ने पुढे, घड्याळात 6.8 सेकंद उरलेले आणि जर्मनीला शॉर्ट कॉर्नर, म्हणजे गोल करायची ठरीव संधी. तुम्ही तो अडवलात आणि 1980 नंतर 41 वर्षांनी हॉकीचं ऑलिंपिक पदक घरी आलं. त्या अडवण्याबद्दल सगळ्या देशाने तुमचे आभार मानले. आमचे आभार त्यानंतरच्या मिनिटासाठी आहेत. हूटर वाजल्यावर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि तुम्ही गोलकडे वळलात. पॅड, चेस्ट गार्ड सगळं अंगावर असताना 2.14 मीटर उंचीच्या आडव्या दांड्यावर चढलात आणि तिथे बसलात. पॅरिसमध्येही शेवटच्या दिवशी पुन्हा तिथेच बसलात.

आमच्याकडे खंडेनवमीला माणूस आपल्या हत्यारांची पूजा करतो. सुतार रंध्याला हळद-कुंकू वाहतो, शिंपी शिलाई मशीनला हार घालतो. ज्याने वर्षभर घर चालवलं त्याच्यापुढे वाकायची ही रीत. गोलपोस्टचा असा मान राखलेला मात्र आम्ही कधी पाहिला नव्हता. गोलकीपरच्या पाठीमागे काय असतं? 3.66 मीटर रुंदीची चौकट, जाळी आणि खाली 46 सेंटिमीटर उंचीची फळी. चेंडू फळीवर आदळला की जो आवाज होतो तो अख्ख्या मैदानाला ऐकू जातो आणि सगळ्या माना गोलकडे वळतात. दहा चेंडू अडवले तोवर फळी गप्प असते, म्हणून त्या दहांची कुणाला आठवण नसते. लहान पोरांच्या मनात त्या चौकटीची धास्ती बसते ती या आवाजामुळे. तुम्ही मात्र दिवसभराचं काम उरकून माणूस आपल्या घराच्या ओट्यावर टेकतो तसे तिच्यावर जाऊन टेकलात. तो फोटो पाहिलेल्या पोराला गोलमध्ये उभं करताना आता फार समजूत घालावी लागत नाही. तुमचं हे ऋण आमच्यावर आहे.

शाळेच्या संघात गोलकीपर कसा निवडतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जो पळायला हळू, जो अंगाने जड, किंवा ज्याची स्टिक मोडली आहे, तो गोलमध्ये. अंगावर चढवायचा किट अख्ख्या शाळेत एकच, तोही मोठ्या माणसाच्या मापाचा. नियमाने एक पॅड जास्तीत जास्त 30 सेंटिमीटर रुंद असतो. बारा वर्षांच्या पोराच्या पायाला तो बांधला की पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही पॅड नडगीवर फिरतो. बुटावरचा किकर सैल राहतो, त्याच्या आणि पॅडच्या मध्ये फट पडते आणि चेंडू नेमका त्या फटीतून आत जातो. ओरडा पोराला खावा लागतो. फोम जुना झाला की कडक होतो आणि चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा राहत नाही. ओल्या टर्फवरून आलेला किट उन्हात वाळत घातला तर फोम आणखी लवकर मरतो. तो सावलीत, वाऱ्यावर, पट्टे मोकळे सोडून वाळवायचा असतो, हे सांगणारंसुद्धा कुणी नसतं.

आणि तुमचा पहिला किट? किझक्कंबलमला तुमच्या वडिलांनी गाय विकून तो घेतला. दावणीची दुभती गाय सोडून देणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात कळतं. रोजच्या दुधाचा पैसा गेला आणि बदल्यात आलं काय, तर फोमचे दोन पॅड. तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल असं करत तुम्ही गोलमध्ये आलात, तेव्हा या पोराचं पुढे काय होणार हे त्या माउलीसारख्या बापाला कुठे ठाऊक होतं! टोकियोहून परतल्यावर ते पदक तुम्ही त्यांच्याच गळ्यात घातलंत. बरोबर केलंत.

आता थोडं कडू बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय आभार पुरे होत नाहीत.

या देशाने गोलकीपरला कसं वागवलं? 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून आपण 1-7 हरलो. अख्खी बचावफळी उघडी पडली होती, पण खापर फुटलं ते एकट्या मीररंजन नेगींच्या डोक्यावर. पैसे खाल्ले इथपर्यंत बोललं गेलं. हेल्मेटच्या आतल्या माणसाचं काय झालं असेल याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. हेच नेगी 1998 च्या बँकॉक एशियाडला आपल्या गोलकीपरांचे प्रशिक्षक होते. तिथे कोरियाविरुद्धची फायनल पेनल्टी स्ट्रोकवर गेली, आपले गोलकीपर आशिष बल्लाळ यांनी ती काढली आणि 32 वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं. पुढे काय झालं? कर्णधार धनराज पिल्ले, बल्लाळ आणि आणखी काही वरिष्ठांना संघातून वगळलं. कारण दिलं विश्रांतीचं. खडकीच्या गल्लीत मोडक्या स्टिकला दोऱ्या गुंडाळून खेळलेल्या धनराजची ती विश्रांती आम्हा पुणेकरांना अजून बोचते. 2008 ला तर ऑलिंपिकचं तिकीटच चुकलं. 2010 च्या जानेवारीत दिल्लीचा विश्वचषक तोंडावर असताना पुण्याच्या शिबिरात खेळाडूंना हक्काच्या पैशांसाठी सराव थांबवावा लागला. 2012 ला लंडनमध्ये सगळे सामने हरून आपण बाराव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आलो. त्या सगळ्या वर्षांत खुर्च्यांवर बसलेल्यांनी आपसातली भांडणं मनापासून लढवली. त्यातला निम्मा जोर गोलकीपरांच्या शिबिरांवर लावला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

तुम्ही याच घरात वाढलात. 2006 ला सीनियर संघात आलात ते एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री यांच्या मागे, बाकावर. 2017 ला गुडघ्याच्या दुखापतीने कित्येक महिने गेले. या व्यवस्थेविरुद्ध कडवट व्हायला कारणं भरपूर होती. तुमच्या खेळात तो कडवटपणा कधी उतरला नाही.

आता कामाचं, कारण आम्ही तुमच्याकडून शिकलो ते यात आहे.

शॉर्ट कॉर्नरला गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू पोस्टपासून 10 मीटरवरून आत ढकलतात, डीबाहेर म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर अडवतात आणि ड्रॅग फ्लिक सुटतो, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन झटक्यात गोलकडे फेकतात. डीची त्रिज्या 14.63 मीटर. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा फ्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून, हलून चेंडू गाठणं माणसाच्या हातातलं नाही. म्हणून आधी वाटणी करावी लागते. पहिला धावणारा फ्लिकरवर सरळ जातो आणि गोलची एक बाजू झाकतो, पोस्टवरचा आपला कोपरा धरतो, उरलेली जागा गोलकीपरची. पहिला धावणारा अर्धं पाऊल चुकीच्या रेषेत गेला तर दोन गोष्टी होतात. एक तर गोलकीपरची नजर झाकली जाते, नाहीतर चेंडू त्याच्याच स्टिकला लागून दिशा बदलतो. पोरं हमखास करतात ती चूक वेगळी. चेंडू सुटायच्या क्षणी त्यांचे पाय हलत असतात. हलत्या पायावरून उलट्या बाजूला झेपच घेता येत नाही. दोन पावलं पुढे या, थांबा, वजन चवड्यांवर ठेवा आणि मग फ्लिक घ्या. तुमच्या कुठल्याही सामन्याचं चित्रण लावा, फ्लिक सुटताना तुम्ही थांबलेले दिसता. आम्ही व्हिडिओ तिथेच अडवतो आणि पोरांना म्हणतो, पाय बघा.

चेंडू अडवल्यावरचं काम अर्ध्या पोरांना ठाऊकच नसतं. पॅडवरून चेंडू समोर पडला तर तो दुसऱ्या फटक्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. किकरचा कोन बाहेर ठेवून तो बाजूला काढायचा असतो.

आणि तुमचा आवाज! कोविडमुळे टोकियोची स्टेडियमं रिकामी होती, म्हणून टीव्हीवर तो सामनाभर ऐकू आला. कुणाला कुठे सरकायचं, कोण मोकळा सुटलाय, हे तुम्ही न थांबता सांगत होता. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं आणि बचाव करणाऱ्यांची गोलकडे पाठ असते, म्हणून बोलणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. आमची पोरं लाजतात. मोठ्या खेळाडूला ओरडून सांगायचं कसं, असं त्यांना वाटतं. तुमचा आवाज ऐकवल्यापासून लाज थोडी कमी झाली आहे.

पॅरिसची उपांत्यपूर्व फेरी तर आम्ही धडा म्हणून दाखवतो. 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. शॉर्ट कॉर्नरला सगळ्यात आधी धावून जाणारा आपला हुकमी माणूस गेला. उरलेली 43 मिनिटं ग्रेट ब्रिटनसमोर नऊ जण आणि त्यांच्या मागे तुम्ही. 1-1 वर सामना शूटआउटला गेला. एकटा खेळाडू 23 मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन येतो, समोर फक्त गोलकीपर, आणि गोल करायला 8 सेकंद. यात गोलकीपरची हार बहुतेक वेळा एकाच कारणाने होते, तो आधी पडतो. आधी पडला की समोरचा चेंडू बाजूला घेतो आणि गोल रिकामा. बरं, हाताने-पायाने त्याला मुद्दाम पाडलं तर पेनल्टी स्ट्रोक. म्हणून लवकर पुढे यायचं, मग पाय जमिनीवर ठेवून त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचं आणि सेकंद संपू द्यायचे. विल्यमसनचा फटका वरून गेला, रोपरला तुम्ही अडवलंत, आपल्या चौघांनी चारही घातले, 4-2. थकल्या पायांवर उभं राहायची ती चिकाटी शिकवून येते का, हे आम्हाला अजून उलगडलेलं नाही.

एक गोष्ट टाळ्यांच्या गजरात राहून गेली. दोन गोलकीपरांना क्वार्टर वाटून खेळवायची पद्धत आली, तेव्हा पंधरा मिनिटं झाली की तुम्ही हेल्मेट काढून बाहेर यायचा आणि कृष्ण पाठक आत जायचा. जगातला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून ज्याचा गौरव झालाय, त्याने हे बिनतक्रार करणं सोपं नाही. गोल ही एकाच माणसाची जागा असते, तिथे वाटणी करताना भल्याभल्यांचं मन लहान होतं. आम्ही अशी माणसं पाहिली आहेत की जी निवृत्त झाली तरी किट दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. सज्जनपणा म्हणतात तो असाच असतो, बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसलेला.

तुमचा 16 नंबर हॉकी इंडियाने सीनियर संघातून कायमचा काढून ठेवला. ज्युनियर संघात तो राहणार आहे. डिसेंबर 2025 मध्ये तुमच्या हाताखालच्या ज्युनियर पोरांनी विश्वचषकात बेल्जियमला शूटआउटमध्ये हरवलं. प्रिन्सदीप सिंग गोलमध्ये उभा होता आणि बाहेर तुम्ही. पुढे अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 वरून 4-2 करून पोरांनी कांस्य आणलं. आम्ही मात्र शूटआउटभर प्रिन्सदीपचे पाय बघत होतो. आधी पडत नव्हता.

कधी पुण्या-मुंबईकडे येणं झालं तर एक सकाळ आमच्या पोरांसाठी काढा. भाषणाची गरज नाही. त्यांच्या किकरचे पट्टे एकदा तुमच्या हाताने आवळून द्या आणि सराव संपला की गोलच्या दांड्यावर बसा. पोरांना खाली गोलरेषेवर बसवू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
गोलमध्ये उभे राहणारे आणि त्यांना उभं करणारे