ओसरीवर येणाऱ्यांना काय विचारायचं

बेळगाव

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीतून काढलेली पोरं आपल्या ओसरीवर येऊन बसतात, त्यांना काय सांगू, असं तुम्ही फोनवर विचारलंत. वकिलाचं नंतर. आधी तारीख विचारा: कामावर शेवटचा दिवस कुठला?

बहुतेकांना लेखी काही मिळालेलं नसतं, गेटवरच अडवलेलं असतं. मग कोर्टात मालक म्हणतो, ‘आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.’ म्हणून दोन-चार दिवसांतच ‘अमुक तारखेला गेटवर अडवलं, मी कामाला तयार आहे’ एवढं लिहून कंपनीला पाठवायला लावा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा स्पीड पोस्ट करून पोच घ्यावी. हे पत्र सहा महिन्यांनी लिहिलं तर त्यात फारसा जीव राहत नाही.

काढल्यावर दाद मागायची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार वादांचा नवा कायदा, लागू झाली, आता कामगार अधिकाऱ्यापुढची समेटाची बोलणी वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आतच व्हायला हवीत. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज.

खरी मारामारी होते ती वर्षात कामाचे 240 दिवस भरले का यावर. काढल्याच्या तारखेपासून मागे बारा महिने मोजायचे. लोक जानेवारी ते डिसेंबर मोजतात आणि उगाच घाबरतात. पगारी सुट्या, पगारी रविवार धरायचे. 240 भरले तर नोकरकपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावीच लागते. पण हे दिवस कामगारानंच सिद्ध करायचे. कर्नाटकातल्याच वनखात्याच्या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नुसतं शपथपत्र पुरत नाही. म्हणून पीएफचं पासबुक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, गेटपास, ओव्हरटाइमची चिठ्ठी, जे असेल ते. पीएफमध्ये दरवर्षी ठेकेदाराचं नाव बदललेलं दिसलं तर ती पानं आधी काढा, तिथंच बरंच काही सापडतं. कंपनीकडचं हजेरीपुस्तक मागवण्याचा अर्ज आम्ही करतो. मागूनही आणलं नाही तर कोर्ट त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्ध लावू शकतं.

आपल्या भागातली मोठी गोम सहीची. कागद कन्नडमध्ये, सही मराठीत. ‘पगाराचा कागद आहे’ म्हणून सही घेतात, निघतो राजीनामा. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न: ‘ही सही तुमचीच ना?’ हो म्हटलं की फसवलं हे दाखवायचं ओझं कामगारावर. तेव्हा न कळणाऱ्या कागदावर सही नकोच. करावीच लागली तर वर मराठीत लिहावं, ‘वाचून दाखवलं नाही, प्रत दिली नाही’, आणि दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार.

काढल्यानंतरच्या काळाचा मागचा पगार हवा तर ‘दुसरी कमाई नव्हती’ हे अर्जातच हवं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालापासून त्यावरच पुढचं ठरतं. मधे रिक्षा चालवली असेल तर सांगून टाकावं. लपवलेली रिक्षा विरुद्ध वकिलाला बरोबर सापडते, मग खरं बोललेलंही कुणी मानत नाही.

आई, कागद लॅमिनेशन करू देऊ नकोस कुणाला. मूळ प्रती त्यांच्याकडेच राहू देत, झेरॉक्स तेवढी तुमच्याकडे ठेवा. रविवारी आले की बघते.

तुमची,
लेक